सप्तशृंगगड : डोंगर, देवी आणि यात्रा

महाराष्ट्रांत डोंगर आणि देवी यांचें नातें फार जुनें आहे. जेथें सहज चढतां येत नाहीं, जेथें वाऱ्याशीं झगडत पाऊल टाकावें लागतें, नेमकी तीच जागा आपल्या पूर्वजांनीं देवीच्या वसतीसाठीं निवडली, असें पुष्कळ ठिकाणीं दिसतें. असें कां व्हावें, या प्रश्नाचें उत्तर एका लेखांत देणें कठीण. परंतु एकच डोंगर निवडून तो नीट पाहिला, तर त्या उत्तराकडे जाण्याची वाट सांपडूं शकेल. म्हणून या लेखासाठीं आम्ही नाशिक जिल्ह्यांतील सप्तशृंगगड निवडला आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरची ही कुलस्वामिनी असेल. कित्येकांनीं आजीच्या तोंडून ‘वणीची देवी’ एवढेंच नांव ऐकिलें असेल. आणि कांहींनीं तेंही ऐकिलें नसेल. या सर्वांना बरोबर घेऊन आम्ही हा गड चढणार आहों. चढतांना तीन गोष्टी मात्र निरनिराळ्या ठेवूं : डोळ्यांना काय दिसतें, ग्रंथांत काय लिहिलें आहे, आणि लोक परंपरेनें काय सांगतात. तिन्ही आपापल्या जागीं मोलाच्या आहेत. एकीच्या जागीं दुसरी घातली म्हणजे मात्र घोटाळा होतो.

स्थान

सह्याद्रीची मुख्य रांग उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. तिच्यापासून पूर्वेकडे ज्या शाखा फुटतात, त्यांपैकीं नाशिक जिल्ह्यांतील एका शाखेस सातमाळा असें नांव आहे. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंडेय, रावळ्या-जावळ्या, धोडप, कांचना, इंद्राई, चांदवड असे डोंगर आणि किल्ले या रांगेंत एकापुढें एक उभे आहेत. विद्यार्थ्यांनीं नकाशा पुढें घेऊन ही रांग बोटानें गिरवून पाहावी. तिच्या उत्तरेस पडलेलें पाणी ओढ्यांनीं गिरणेस मिळतें, गिरणा तापीस मिळते आणि तापी पश्चिम समुद्रास. दक्षिणेस पडलेलें पाणी कादवेंतून गोदावरीस मिळतें आणि गोदावरीबरोबर सारा दक्षिण देश ओलांडून पूर्व समुद्रास जातें. एकाच सरीचे दोन थेंब या रांगेच्या माथ्यावर हातभर अंतरानें पडले, तर त्यांची पुन्हा भेट होणें नाहीं. अशा या पाण्याच्या उंबरठ्यावर सप्तशृंगीचें स्थान आहे.

गड कळवण तालुक्यांत आहे. त्याच्या दक्षिणेस, दिंडोरी तालुक्यांत, वणी हें गांव आहे. पूर्वीं गडावर जाणाऱ्यांचा मुक्काम या गांवीं पडे, आणि त्यावरून देवीसही ‘वणीची’ असें म्हणूं लागले. गडाच्या पायथ्याशीं नांदुरी हें गांव असून तेथून मोटाररस्ता सुमारें दहा किलोमीटर वळणें घेत वर चढतो. नाशिक शहरापासून गड सुमारें साठ किलोमीटर दूर आहे. डोंगराचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ४,६५० फूट उंच आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हें सुमारें ५,४०० फूट आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या उंचीची कल्पना येईल.

डोंगराची घडण

दूरून पाहिलें असतां हा डोंगर एखाद्या प्रचंड जिन्यासारखा दिसतो. खालीं उतार, त्यावर उभा कडा. पुन्हा थोडी सपाट माची, तिच्यावर पुन्हा कडा. ही रचना कोणा मनुष्यानें केलेली नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं या भागांत जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. तो निवून जो काळा दगड झाला त्यास शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. या थरांपैकीं कांहीं कठीण, तर कांहीं मऊ व सच्छिद्र आहेत. ऊन, वारा आणि पाऊस यांनीं मऊ थर झिजून उतार झाले, कठीण थर कड्यांच्या रूपानें उभे राहिले. आपले सर्वच डोंगरी किल्ले निसर्गाच्या या कारागिरीवर बांधलेले आहेत.

याच घडणींत गडाच्या पाण्याचें रहस्य आहे. पावसाचें पाणी दगडाच्या भेगांतून खालीं मुरतें; खालचा घट्ट थर लागला म्हणजे तें अडतें आणि वाट सांपडेल तेथून आडवें बाहेर पडतें. एवढ्या उंचीवर शिवालय तीर्थ, सूर्यकुंड, कालीकुंड अशीं कुंडें आहेत, हें पाहून नवख्या माणसास आश्चर्य वाटतें. पाण्यावांचून माणसें राहूं शकत नाहींत आणि माणसांवांचून देवस्थान टिकत नाहीं. देवी येथेंच कां, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या कुंडांच्या तळाशीं आहे, असें आम्हांस वाटतें.

सप्तशृंग म्हणजे सात शिंगें, अर्थात् सात शिखरें. माथ्यावरील कातळाचे सुळके पाहून हें नांव पडलें. शिखरें मोजण्याचा छंद प्रत्येक नव्या यात्रेकरूस लागतो. परंतु कोणत्या बाजूनें उभे राहून पाहतां, आणि कोणता उंचवटा निराळा धरतां, यावर त्यांची संख्या बदलते. या मोजणीवरून भावंडांत भांडण झाल्यास पालकांनीं दोघांसही एकेक गुण द्यावा !

देवीची मूर्ति

गडाच्या माचीवर वस्ती, धर्मशाळा आणि दुकानें आहेत. तेथून देवीच्या कड्यापर्यंत दगडी पायऱ्या चढून जावें लागतें. या पायऱ्या इ. स. १७१० मध्यें सेनापति खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनीं बांधविल्या, असें सांगतात. त्यांची जुनी संख्या ४७२ अशी नोंदलेली आहे. उमाबाईंनीं पुढें मराठ्यांच्या राजकारणांतही मोठा भाग घेतला. परंतु राजकारणांतले डाव विरून गेले आणि पायऱ्या राहिल्या. पायथ्याशीं महिषासुराचें स्थान आहे. वर देवीकडे जाणारा प्रत्येक भक्त प्रथम तिनें जिंकलेल्या शत्रूपुढून जातो.

मूर्ति कोठून आणून बसविलेली नाहीं. ज्या कड्याच्या पोटांत देऊळ आहे त्याच अखंड कातळांत ती कोरलेली आहे. तिची उंची सुमारें आठ फूट असून ती उभी आहे, आणि तिला अठरा हात आहेत. उजव्या बाजूस नऊ, डाव्या बाजूस नऊ. तिला नेसविण्यास अकरा वार पातळ लागतें. तिची मान किंचित् एका बाजूस कललेली आहे. समोरच्या दरीपलीकडे मार्कंडेय नांवाचा डोंगर आहे. तेथें बसून मार्कंडेय ऋषि देवीची कथा सांगत असत आणि देवी मान कलती करून ती ऐकत असे, अशी परंपरा आहे. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु जिच्या हातांत अठरा आयुधें आणि चिन्हें आहेत, तिच्या ठिकाणीं कारागिराला आणि भक्ताला ऐकण्याचा भाव दिसावा, ही कल्पना किती कोमल आहे ! सामर्थ्य ज्याच्यापाशीं आहे त्यानें दुसऱ्याचें म्हणणें मान कलती करून ऐकावें, हा धडा कोणत्याही घरांतील मुलाला समजेल.

ग्रंथांतील कथा

मार्कंडेयाचें नांव येथें उगीच आलेलें नाहीं. मार्कंडेय पुराणांतील तेरा अध्यायांचा भाग देवीमाहात्म्य म्हणून प्रसिद्ध आहे. त्यासच सप्तशती, म्हणजे सातशें मंत्रांचा ग्रंथ, असेंही म्हणतात. विद्वान् लोक त्याची रचना सामान्यतः इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. महिषासुरानें देवांना स्वर्गांतून हांकून दिलें, तेव्हां सर्व देवांच्या अंगांतून तेज बाहेर पडलें, तें एकत्र झालें आणि त्यांतून देवी प्रगट झाली, असें त्यांत वर्णन आहे. मग शंकरानें तिला त्रिशूळ दिला, विष्णूनें चक्र, वरुणानें शंख आणि पाश, अग्नीनें शक्ति, वायूनें धनुष्य व बाणांचे भाते, इंद्रानें वज्र आणि घंटा, यमानें दंड, विश्वकर्म्यानें परशु, काळानें तलवार व ढाल, आणि ब्रह्मदेवानें कमंडलु दिला. मूर्तीपुढें उभे राहिल्यावर कोणतें चिन्ह कोणाचें, हें या कथेवरून ताडून पाहतां येतें. एकट्या एकट्या देवाला जें साधलें नाहीं, तें सर्वांचें तेज एकत्र आल्यावर साधलें, हा या कथेचा उघड अर्थ आहे.

परंतु ही कथा कोणाला सांगितली, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. सुरथ नांवाचा एक राजा राज्य गमावून रानांत आला होता. समाधि नांवाचा एक वैश्य होता. त्याच्या बायकामुलांनींच धनाच्या लोभानें त्याला घराबाहेर घातलें होतें. दोघेही मेधस् ऋषींच्या आश्रमांत भेटले. राजाला गमावलेल्या राज्याची काळजी सुटत नव्हती. वैश्याला ज्यांनीं हांकून दिलें त्यांच्याच खुशालीची काळजी वाटत होती. ‘ज्यांनीं आम्हांस टाकलें त्यांच्यावरचें मन कां निघत नाहीं ?’ असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरांत ऋषीनें देवीची कथा सांगितली. शेवटीं राजानें आपलें राज्य मागितलें. वैश्यानें मात्र ‘मी’ आणि ‘माझें’ या बंधनांतून सोडविणारें ज्ञान मागितलें. यात्रेस निघालेल्या गर्दींत आजही हे दोघे शेजारीं शेजारीं चालत असतात, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

साडेतीन पीठें

कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका हीं तीन पूर्ण पीठें आणि सप्तशृंगी हें अर्धें, अशीं देवीचीं साडेतीन पीठें महाराष्ट्रांत मानलीं जातात. हें अर्धें कां, याचा उलगडा निरनिराळ्या प्रकारें करितात; ॐकाराच्या तीन मात्रा म्हणजे तीन पीठें आणि वरची अर्धमात्रा म्हणजे सप्तशृंगी, असा एक अर्थ सांगतात. ‘अर्धें’ म्हणजे उणें, असें मात्र कोणी भक्त मानीत नाहीं. खानदेशांतील, नाशिककडील आणि गुजराथेंतीलही कित्येक घराण्यांना हें स्थान सर्वांत जवळचें आहे.

यात्रा

गडावर वर्षांतून दोन मोठ्या यात्रा भरतात. एक चैत्रांत, रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत, आणि दुसरी आश्विनांत, नवरात्रांत. चैत्रांतील यात्रा विशेषतः खानदेशची. जळगांव, धुळें, नंदुरबार या बाजूंचे लोक कित्येक दिवस पायीं चालत येतात. रब्बीचें पीक घरांत आलेलें असतें, शेतांत काम नसतें, आणि डोक्यावर ऊन रणरणत असतें. वाटेंत अहिराणी बोलींतील देवीचीं गाणीं चाललेलीं असतात. गांवोगांवचे लोक या वाटसरूंना पाणी आणि भाकरी देतात. जुनी पायवाट रडतोंडीच्या घाटानें वर चढते; ती किती उभी आहे हें तिच्या नांवावरूनच कळावें.

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास आणि नवरात्रांत गडाच्या अगदीं वरच्या शिखरावर ध्वज लावितात. ज्या सुळक्यावर दिवसां चढण्याची कोणी हिंमत करणार नाहीं, तेथें दरेगांवच्या गवळी पाटलांकडील मानकरी रात्रीं ध्वज घेऊन जातो आणि सकाळीं लोकांना तो फडकतांना दिसतो. हा मान त्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. कोजागिरीच्या पौर्णिमेस कावडी येतात. तापी, नर्मदा आणि इतर नद्यांचें पाणी खांद्यावर वाहून आणून देवीस त्याचा अभिषेक करितात. समाज ज्यांना एरवीं दूर ठेवतो, त्या तृतीयपंथी लोकांचाही मोठा मेळा त्या दिवशीं गडावर जमतो. देवीच्या पायरीवर त्यांना जागा मिळते. ती आपल्या अंगणांतही मिळावी, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

धोका आणि काळजी

आतां जी गोष्ट सांगावयाची ती गोड नाहीं. परंतु ती सांगितल्यावांचून हा पाठ पुरा होणार नाहीं. ज्या कड्यांमुळें हें स्थान भव्य झालें आहे, तेच कडे प्राण घेऊं शकतात. बेसाल्टाच्या भेगांत पावसाचें पाणी शिरतें, झाडांचीं मुळें वाढतात, दिवसाच्या उन्हानें आणि रात्रीच्या गारव्यानें दगड पुनःपुनः फुगतो आणि आकसतो. मग एखादे दिवशीं मोठा धोंडा सुटतो. यासाठीं कड्यावर पोलादी जाळ्या लावण्यांत आल्या आहेत. घाटाचा रस्ताही वळणांचा. इ. स. २००८ च्या जानेवारींत गडाच्या घाटांत यात्रेकरूंची बस दरींत कोसळून चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. इ. स. २०२३ च्या जुलैंतही याच घाटांत एक बस खालीं गेली. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीसच थांबवून लोकांना एस्. टी. बसनें वर नेण्याची पद्धत आहे. ती कित्येकांना जाचक वाटते, पण तिच्यामागें हें कारण आहे.

गर्दीचा धोका तर दगडाच्या धोक्याहून मोठा आहे. दुसऱ्या एका डोंगरी देवस्थानाची गोष्ट सांगतों. सातारा जिल्ह्यांत वाईजवळ मांढरदेव येथें काळूबाईची यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ रोजीं तेथें अरुंद वाटेवर, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानें निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसें घसरलीं, चेंगराचेंगरी झाली, पुढें दुकानांना आग लागली, आणि सुमारें तीनशें माणसें मृत्युमुखीं पडलीं. कोणाच्याही मनांत कोणाला मारण्याचा हेतु नव्हता. प्रत्येक जण भक्तीनेंच आला होता आणि प्रत्येकाला थोडें लवकर पुढें जावयाचें होतें. एवढ्याशा घाईची लाखांनीं बेरीज झाली म्हणजे काय होतें, हें गणित विद्यार्थ्यांनीं कधींही विसरूं नये.

सप्तशृंगगडावर इ. स. २०१८ मध्यें माचीपासून मंदिरापर्यंत रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली. आज वृद्ध, अपंग आणि आजारी माणसांनाही तिच्यांतून कांहीं मिनिटांत वर जातां येतें. पायऱ्यांचें पुण्य कमी झालें, अशी कुरकुर ऐकूं येते. परंतु उमाबाईंनीं पायऱ्या बांधविल्या तेव्हांही पूर्वीच्या उघड्या कातळावरून चढणारा कोणी तरी असेंच म्हणाला असेल ! ज्याच्या गुडघ्यांत बळ आहे त्याच्यासाठीं पायऱ्या आहेतच.

माणसाच्या प्रेमापासून मूर्तीलाही जपावें लागतें, हें इ. स. २०२२ मध्यें दिसून आलें. पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेल्या शेंदराचे थर मूर्तीवर सांचून इतके जाड झाले होते कीं, तिचें मूळ रूप त्यांखालीं झांकून गेलें होतें. त्या पावसाळ्यांत मंदिर कांहीं आठवडे दर्शनास बंद ठेवून, जाणकारांच्या देखरेखीखालीं ते थर काढण्यांत आले. आश्विनांत घटस्थापनेस दार उघडलें तेव्हां लोकांना दगडांत कोरलेली मूळची मुद्रा, अलंकार आणि रेषा स्पष्ट दिसल्या. आपल्या आजोबांनींही जें रूप पाहिलें नव्हतें, तें नातवांनीं पाहिलें. प्रत्येकानें वाहिलेला शेंदूर चिमूटभरच होता आणि श्रद्धेनेंच वाहिला होता. पण चिमटीचिमटीनें सांचून त्यानें मूर्तीच झांकली. डोंगरावर टाकलेल्या कागदांचें, बाटल्यांचें आणि पिशव्यांचें गणित याहून निराळें नाहीं. आणि तेथें तर श्रद्धेचीही सबब नाहीं.

समारोप

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे आतां परत येऊं. देवी डोंगरावरच कां ? डोळे सांगतात कीं, तेथें कातळ आहे, पाणी आहे आणि दोन समुद्रांकडे वाहणाऱ्या नद्यांचा उंबरठा आहे. ग्रंथ सांगतो कीं, राज्य आणि घर गमावलेल्या माणसांना रानांतच उत्तर मिळालें. परंपरा सांगते कीं, वर कोणी तरी मान कलती करून ऐकत आहे. या तिन्ही उत्तरांना एक चौथें आम्ही जोडतों : चढण कठीण असली म्हणजे माणसास दुसऱ्याचा हात धरावा लागतो. वर पोहोंचणाऱ्या प्रत्येकाला वाटेंत कोणी तरी पाणी दिलेलें असतें.

आमची पालकांस एक विनंति आहे. आपल्या घरांत किंवा शेजारीं पायीं यात्रा केलेलें एखादें वृद्ध माणूस असेल, तर मुलांना त्याच्यापाशीं बसवावें. मोटारी झाल्यापासून जुन्या वाटा, मुक्कामाचीं झाडें, विहिरी आणि वाटेवरचीं गाणीं विसरत चाललीं आहेत. तीं त्या माणसाबरोबर गेलीं म्हणजे पुन्हा मिळणार नाहींत. मुलांनीं तीं ऐकून वहींत लिहून ठेवावीं. त्याचप्रमाणें खालील प्रश्नांचीं उत्तरें स्वतः शोधावीं :

१. आपल्या गांवांतील ओढ्याचें पाणी शेवटीं कोणत्या समुद्रास मिळतें ? नकाशावर त्याची वाट काढा.

२. आपल्या जवळच्या डोंगरावर दगडाचे किती थर दिसतात ? त्यांपैकीं कठीण कोणता व मऊ कोणता, हें कशावरून ओळखाल ?

३. सुरथ आणि समाधि यांनीं निरनिराळे वर मागितले. तुम्हीं कोणता मागितला असता, व कां ?

४. आपल्या गांवच्या जत्रेंत गर्दी कोठें अडते ? ती न अडावी म्हणून काय करतां येईल ?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर ज्याला नीट सुचेल, त्यानें तें केवळ वहींत ठेवूं नये. गांवांतील वडील मंडळींस जाऊन सांगावें. ते मान कलती करून ऐकतील, अशी आम्हांस आशा आहे.